मातृभाषेचा रकाना

मेचा शेवटचा आठवडा. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या बसस्टँडजवळचं एक झेरॉक्सचं दुकान. वळीव नुकताच पडून गेलेला, त्यामुळे बाहेर लाल मातीचा वास आणि आत तापलेल्या टोनरचा. काउंटरच्या कडेला एक तिशी-पस्तिशीतला माणूस शाळाप्रवेशाचा अर्ज भरत उभा होता. शेजारच्या स्टुलावर त्याचा मुलगा, डोक्याला चपचपीत तेल. मागे बाकड्यावर आजी, मांडीवर कागदपत्रांची प्लॅस्टिकची पिशवी. नाव, बापाचं नाव, आईचं नाव, जन्मतारीख, आधारचे बारा आकडे, जात, सगळं भराभर लिहून झालं. पुढचा रकाना ‘मातृभाषे’, म्हणजे मातृभाषा. तिथं पेन थांबलं. त्यानं बायकोला फोन लावला आणि कन्नडमध्ये विचारलं, इथं काय लिहू? “इल्लि एन बरीलि?” पलीकडून हसू ऐकू आलं आणि मग “एनार बरीरि”, काहीही लिहा. आजी मागून म्हणाली, “मराठी लिव की. त्यात इचार कसला करतोस?” झेरॉक्सवाला पोरगा मशीनचं झाकण उघडता उघडता म्हणाला, “काय बी लिवा मामा, कोण बघतंय?” माणूस कुणालाच काही बोलला नाही. पेनाचं टोक त्यानं रकान्याच्या सुरुवातीला टेकवलं, निळा ठिपका उमटला, आणि पेन परत उचललं.

तो ठिपका काही केल्या डोळ्यांपुढून हलत नाही.

अडाणीपणानं पेन थांबलं नव्हतं. त्या माणसाला एक सोडून दोन उत्तरं येत होती आणि रकान्यात जागा एकाचीच होती. जनगणनेत मातृभाषेची व्याख्या मोठी नेमकी दिलेली आहे: माणसाच्या बालपणी त्याची आई त्याच्याशी ज्या भाषेत बोलली ती, आई लहानपणीच गेली असेल तर त्या काळात घरात मुख्यत्वे जी बोलली जायची ती. या व्याख्येनं त्या मुलाची मातृभाषा कन्नड, विषय संपला. पण सीमाभागातल्या अशा घरात आई बऱ्याचदा नोकरीला असते आणि मुलाला न्हाऊमाखू घालणं, भरवणं, झोपवणं हे सगळं आजीच्या तोंडच्या भाषेत होतं. आईची भाषा एक आणि आईपणाची भाषा दुसरी, असं झालं तर काय लिहायचं? जनगणना निदान मातृभाषेखेरीज येणाऱ्या आणखी दोन भाषा नोंदवून घेते. शाळेच्या अर्जाला तेवढी सवड नसते.

शिवाय हा रकाना पुण्यात भरणं वेगळं आणि खानापुरात भरणं वेगळं. पुण्यात तो दोन सेकंदांचा मामला. इथं ‘खेडे हा घटक, भौगोलिक सलगता, भाषिक बहुसंख्या, लोकेच्छा’ हे सीमा आखण्याच्या मागणीतले शब्द ज्यांच्या आजोबांना तोंडपाठ होते त्यांची नातवंडं आज अर्ज भरतात. खेडं हा घटक धरला की गावातलं प्रत्येक घर मोजणीत येतं, आणि घर मोजणीत आलं की घरातल्या प्रत्येकाच्या तोंडची भाषा ही गावाच्या बाजूनं किंवा गावाच्या विरोधात दिलेली साक्ष होऊन बसते. सत्तर वर्षं एखाद्या प्रश्नाला असं वजन आलेलं असेल तर ते उत्तर देणाऱ्याच्या मनगटात उतरणारच. मराठी लिहिलं तर बायकोला खोडल्यासारखं, कन्नड लिहिलं तर मागं बसलेल्या आईला. आणि ज्यानं काही फरक पडत नाही असं झेरॉक्सवाल्या पोराला वाटतं, त्या कागदासमोर माणूस अर्धा मिनिट गप्प उभा राहतो.

एका संस्कृतीतला माणूस दुसरीच्या सहवासात राहिला की त्याच्या मनात काय घडतं, याविषयी बोलताना आपण सगळेच नकळत एक तराजू वापरतो. एका पारड्यात मराठी, दुसऱ्यात कानडी. इकडचं पारडं जड झालं की तिकडचं हलकं. ‘तो आता पुरता कानडी झालाय’ असं जेव्हा म्हटलं जातं तेव्हा त्यात ‘म्हणजे मराठी राहिला नाही’ हे गृहीत असतं. मानसशास्त्रातही बराच काळ हाच तराजू होता. कॅनडातले मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांचं मोठं काम हे की त्यांनी तो बाजूला ठेवला आणि दोन वेगळे प्रश्न विचारले. स्वतःचं जे आहे ते जपावंसं वाटतं का? आणि समोरच्या समाजात मिसळावंसं वाटतं का? दोन्हींची उत्तरं एकमेकांवर अवलंबून नाहीत, ही त्यातली खरी गोष्ट. पहिल्याला ‘नाही’ आणि दुसऱ्याला ‘हो’ म्हणणारा माणूस विरघळतो, त्यालाच सात्मीकरण म्हणायचं. पहिल्याला ‘हो’, दुसऱ्याला ‘नाही’ म्हणणारा आपलं कुंपण घट्ट करतो. दोन्हींना ‘हो’ म्हणणारा दोन्ही घरांत चप्पल काढून आत जातो. आणि दोन्हीकडून ‘नाही’ झालेला माणूस सगळ्यांत एकटा. तो इथं दिसतो तो बहुधा बारावी नापास, तिन्ही भाषांत अर्धवट, कुठल्याच कार्यक्रमाच्या पत्रिकेवर नाव नसलेला. त्याच्याविषयी कुठल्याच भाषेचे अभिमानी फारसं बोलत नाहीत याचं वाईट वाटतं.

बेरी यांची ही मांडणी मुख्यतः स्थलांतरितांच्या अभ्यासातून लोकांना माहीत झाली. गाव सोडून परमुलखात गेलेल्या माणसाला नव्या मुलखाशी जुळवून घ्यावं लागतं, हे त्यातलं नेहमीचं चित्र. बेळगाव, खानापूर, निपाणीत कुणी कुठंही गेलं नाही. १ नोव्हेंबर १९५६ ला माणसं आपापल्या अंगणातच होती, मुंबई राज्य तेवढं उठून गेलं. स्थलांतरिताच्या मनात ‘मी इथं आलो’ ही एक कबुली असते. त्या कबुलीमुळे नवी भाषा शिकणं त्याला सोपं जातं, कारण तो ते स्वतःच्या निर्णयाचा भाग म्हणून शिकतो. जो हललाच नाही त्याला तीच भाषा अंगावर आल्यासारखी वाटते, मग ती शेजारणीच्या तोंडून कितीही गोड लागो. हा फरक ध्यानात न घेता ‘इतकी वर्षं राहताय तर शिकून घ्या की’ म्हणणारे एका अर्थी बरोबर असतात आणि तरी समोरच्याच्या मनापर्यंत पोचत नाहीत.

आणि शिकलेलं तर असतंच. भाजीबाजारात उभं राहून कान दिले की पुरे. कोथिंबीर घेणारी बाई “कशी दिली जुडी?” विचारते, विकणारी “हत्त रुपाई अक्का”, म्हणजे दहा रुपये, म्हणते, घेणारी “आठला दे” म्हणते आणि विकणारी तिसऱ्या वाक्याला मराठीवर आलेली असते. यात भाषाभिमान कुठंच नसतो. विकायचं ज्याला आहे तो गिऱ्हाइकाकडे सरकतो. हेच दोघे सरकारी कचेरीच्या खिडकीशी आले की सरकणारा बदलतो. ज्याचं काम अडलंय तो सरकतो. हॉवर्ड जाइल्स या मानसशास्त्रज्ञानं बोलण्यातल्या या सरकण्याचाच अभ्यास केला. माणूस समोरच्याच्या बोलण्याजवळ जातो तो जवळीक हवी असते किंवा गरज असते म्हणून, आणि मुद्दाम दूर जातो तो आपलं वेगळेपण दुखावलं गेलं म्हणून. कोण कुणाकडे सरकतं हे दिवसभर टिपून ठेवलं, तर कुणाच्या हातात काय आहे याचा गावाचा नकाशाच तयार होईल. बाजारात सरकताना कुणाला लाज वाटत नाही. कचेरीत वाटते. तीच दोन वाक्यं, तीच माणसं.

सरकणं दोन्ही बाजूंनी असतं, हे १९३६ सालच्या रेडफील्ड, लिंटन आणि हर्स्कोव्हिट्स या मानववंशशास्त्रज्ञांच्या व्याख्येतच होतं: दोन समाज सतत प्रत्यक्ष सहवासात आले की एकात किंवा दोन्हींत बदल होतात. या ‘दोन्हीं’चा पुरावा आपल्या स्वयंपाकघरात पडलेला आहे. कन्नडमध्ये तुप्प, आपल्याकडे तूप. कन्नडमध्ये अडकत्तरि, आपल्याकडे अडकित्ता. अण्णा, अक्का, अप्पा हाका दोन्हीकडे. कन्नडमध्ये तायि म्हणजे आई, आपल्याकडे ताई म्हणजे थोरली बहीण. सौंदत्तीच्या यल्लम्माला आणि चिंचलीच्या मायक्काला कोल्हापूर-सांगलीकडून गाड्या भरून माणसं जातात, भंडारा उधळतात, आणि देवीनं आजवर कुणाला अर्ज भरायला लावलेला नाही.

सांगली जिल्ह्यातल्या एका गावाचा जॉन गम्पर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी केलेला अभ्यास १९७१ मध्ये प्रसिद्ध झाला. अभ्यासात गावाचं नाव ‘कुपवार’ असं येतं. मराठी, कन्नड, उर्दू बोलणारे लोक तिथं शतकानुशतकं शेजारी राहिलेले. या तिन्ही भाषांची वाक्यरचना घासून घासून इतकी जवळ आलेली की एका भाषेतलं वाक्य शब्दाला शब्द ठेवून दुसरीत नेता यावं. पण शब्द मात्र प्रत्येकाचे वेगळेच राहिले. म्हणजे लोकांनी विचाराचा साचा एक करून घेतला आणि ओळखीची खूण तेवढी अलग ठेवली. का ठेवली? तर घराच्या आत एक बोली आणि घराबाहेर सगळ्यांची मिळून एक, अशी वाटणी पक्की होती, आणि बाहेरच्या बोलीनं घरातल्या बोलीचं काम मागितलं नाही. भाषा जगण्यासाठी तिच्यापाशी तिचं स्वतःचं काम लागतं, एवढं त्या गावावरून कळतं. अभिमान असला तर चांगलंच, पण कामाची जागा अभिमानानं भरून निघत नाही.

कन्नड आणि मराठी यांच्यात एक लहानसा फरक आहे, त्याच्यावरून घराघरांत काय काय होत असेल याची कल्पना करावी. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा नाही, ‘आपण’मध्ये आहे. कन्नडमध्ये दोन्हीला मिळून ‘नावु’. कन्नड माहेरची मुलगी मराठी घरात येते, महिन्याभरात बऱ्यापैकी मराठी बोलू लागते, आणि एके संध्याकाळी सासूला म्हणते, “आत्या, आम्ही जेवायचं का?” तिच्या मनात आहे ‘नावु’, सगळ्यांनी मिळून. सासूच्या कानावर पडतं ‘आम्ही’, म्हणजे ती आणि तिचा नवरा. सासू “जेवा तुम्ही” म्हणून देवघरात जाऊन बसते. दोघींपैकी कुणीही वाईट बोललेलं नसतं. अशा गैरसमजाला भांडणाचं नाव मिळतं, मग त्याला कानडी-मराठी असा रंग चढतो. एका सर्वनामाची चूक झाली, हे कुणीतरी त्या दोघींना समोरासमोर बसवून सांगायला हवं. सांगितलं की बहुधा दोघी हसतात.

अशा घरात मूल वाढतं तेव्हा लोकांना पहिली काळजी वाटते ती गोंधळाची. “अव्वा, भाकरी बेकु” असं मूल म्हणालं की कुणीतरी पाहुणा म्हणतोच, एक धड भाषा येऊ द्या आधी. ही काळजी सोडून द्यावी. दोन वर्षांच्या आसपासच मूल कुणाशी काय बोलायचं हे ओळखू लागतं. भाकरी हा शब्द त्यानं आजीच्या परातीपाशी उचलला म्हणून तो मराठीत येतो, मागणं आईकडे आहे म्हणून ‘बेकु’ कन्नडमध्ये. ही मिसळ वयाबरोबर आपसूक निवळते. घरात कुणी कुणाशी कुठल्या भाषेत बोलायचं हे ठरलेलं असलं की निवळणं सोपं जातं. फ्रान्समध्ये भाषाशास्त्रज्ञ मॉरिस ग्रामाँ यांनी ज्यूल रोंझा यांना त्यांच्या मुलासाठी हाच सल्ला दिला होता, की आईनं आपली भाषा बोलावी आणि बापानं आपली, अदलाबदल करू नये. रोंझांनी तो पाळून १९१३ मध्ये त्याची हकिगत प्रसिद्ध केली. त्यांच्या घरातल्या भाषा फ्रेंच आणि जर्मन होत्या. आपल्याकडे आजी ही तिसरी आणि सगळ्यांत मोठी शाळा घरात असते, ती त्यांच्याकडे नव्हती.

बिघडतं ते पाच-सहा वर्षांच्या टप्प्याला. मूल शाळेत जातं, दिवसाचे सहा तास शाळेच्या भाषेत काढतं आणि घरी आल्यावर आजीच्या मराठी प्रश्नाला शाळेच्या भाषेत उत्तर देतं. आजी ते समजते, म्हणून काही अडत नाही. अडत नाही म्हणून पुन्हा तसंच होतं. सहा महिन्यांत आजीच आपलं मराठी आवरून त्याच्या भाषेतले तुटक शब्द वापरू लागते, कारण तिला नातवाशी बोलायचं असतं, भाषा वाचवायची नसते. पाठचं भावंड आणखी मागं राहतं. थोरलं त्याच्याशी शाळेचीच भाषा बोलतं, त्यामुळे धाकट्याच्या वाट्याला मराठी येते ती फक्त मोठ्यांच्या आपसातल्या बोलण्यातून. त्याला सगळं कळतं, बोलता काही येत नाही. अशा वेळी घरची माणसं दोन चुका करतात. एक म्हणजे दटावणं, “मराठीत बोल!” दुसरी म्हणजे पाहुण्यांपुढं उभं करणं, “मामाला मराठीत म्हणून दाखव बघू.” दोन्हींमुळे ती भाषा परीक्षेच्या रांगेत जाऊन बसते. त्यापेक्षा मूल ‘नीर’ म्हणालं की “पाणी पाहिजे? घे पाणी” एवढंच म्हणून पेला पुढं करावा, चूक दाखवू नये आणि मराठी सोडूही नये. आणि रोज एखादं काम असं ठेवावं जे फक्त मराठीत होतं. रात्रीची पंधरा मिनिटांची गोष्ट, रविवारी मामाला फोन, शेंगा निवडताना मोजणी. काम लहान चालेल, त्यात खंड नको.

मोजणीचं तर वेगळंच. माणूस पुढं किती भाषा शिकला तरी हिशोब बहुधा ज्या भाषेत पाढे पाठ केले तिच्यातच करतो. मराठी संख्यांत एकक आधी येतो आणि दशक मागून: पंचेचाळीस म्हणजे पाच आणि चाळीस. कन्नडमध्ये दशक आधी: नलवत्तैदु, चाळीस-पाच. एकोणतीस हा शब्द तर तिसात एक कमी असं सांगतो, तर इप्पत्तोंबत्तु सरळ वीस-नऊ म्हणतो. कन्नडमध्ये मग्गी म्हणजे पाढे शिकलेलं मूल मराठीत ‘एकोणतीस’ ऐकून ३९ लिहितं, तेव्हा त्याला गणित येत नाही असं समजू नये. त्यानं ‘तीस’ आणि ‘एकोण’मधला नऊ एवढंच पकडलेलं असतं. २०१९ मध्ये बालभारतीनं दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ असं लिहिलं तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ झाला. सीमाभागातल्या शिक्षकांना ती अडचण ओळखीची वाटली असणार.

लिपीतही अशाच खाचा आहेत. कन्नडमध्ये ए आणि ओ यांचे ऱ्हस्व-दीर्घ वेगळे. ‘कोडु’मधला ओ तोकडा उच्चारला तर ‘दे’, लांबवला तर ‘शिंग’. मराठी कान हा फरक टिपतच नाही, कारण त्याला कधी गरज पडलेली नसते. आपल्या जोडाक्षरात पहिलं व्यंजन अर्धं होतं. कन्नडमध्ये पहिलं पूर्ण राहतं आणि दुसरं त्याच्या पायाशी लहान होऊन बसतं. आपला रफार पुढच्या अक्षराच्या डोक्यावर, त्यांचा अर्कावत्तु पुढच्या अक्षराच्या उजव्या अंगाला. मराठी मुलानं कन्नड वाचताना अडखळणं आणि कन्नड मुलानं मराठीत ‘चहा झाली’ म्हणणं (त्यांच्या भाषेत निर्जीव वस्तूला स्त्री-पुरुष असा भेदच नाही) या एकाच जातीच्या चुका. शिकवणाऱ्याला दोन्ही लिप्या येत असतील तर तो बोट ठेवून सांगतो आणि मूल आठवड्यात पुढं जातं. येत नसतील तर ‘ह्याला आपली भाषा जमत नाही’ असा शेरा बसतो, आणि तो शेरा मुलाच्या मनात भाषेविषयी न राहता स्वतःविषयी राहतो.

रागावणं कुठल्या भाषेत लागतं, याचाही प्रयोग झालेला आहे. २००३ मध्ये कॅथरीन हॅरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तुर्की मातृभाषा असलेल्या, इंग्रजी मागाहून शिकलेल्या लोकांना दोन्ही भाषांतले शब्द ऐकवले आणि त्यांच्या बोटांच्या त्वचेतला बदल मोजला. लहानपणी आईबाप वापरतात तशी दटावणी तुर्कीत ऐकली की त्वचा जास्त थरारायची. म्हणून तर सगळं आयुष्य कन्नडमध्ये नोकरी केलेला माणूस दाराच्या फटीत बोट सापडल्यावर “आई गं!” म्हणतो. आतला तो थर सगळ्यांत शेवटी बदलतो.

मात्र त्याच्या वरचा एक थर फार लवकर बदलतो, आणि तो आहे स्वतःच्या आवाजाविषयीचा. १९६० मध्ये मानसशास्त्रज्ञ वॉलेस लँबर्ट यांनी माँट्रियलमध्ये लोकांना ध्वनिमुद्रणं ऐकवली. तेच दोन्ही भाषा बोलणारे लोक एकदा इंग्रजीत, एकदा फ्रेंचमध्ये. ऐकणाऱ्याला ते एकच आवाज आहेत हे माहीत नाही. इंग्रजी बोलणाऱ्या श्रोत्यांनी इंग्रजी आवाजाला हुशार, भरवशाचा ठरवलं, हे समजण्यासारखं आहे. फ्रेंच लोकांनीही इंग्रजीलाच वर ठेवलं, आणि तेही इंग्रजांपेक्षा जास्त ठामपणे. हे वाचताना बेळगावचं पोर आठवतं. ‘काय करूलालास’ म्हणत वाढलेलं पोर पुण्याला शिकायला जातं आणि पहिल्या सहा महिन्यांत ‘करूलालोय’चं ‘करतोय’ करतं. हॉस्टेलच्या खोलीत घरून फोन आला की बाहेर जिन्यात जाऊन बोलतं, कारण तिथं जुनी बोली परत येते आणि ती मित्रांनी ऐकू नये असं वाटतं. हेही सात्मीकरणच आहे. कन्नडच्या रेट्याविषयी बोलताना आपण ते विसरतो. सीमाभागातला मराठी माणूस दोन बाजूंनी झिजतो, आणि आतल्या बाजूनं झिजवणारे त्याचेच भाषाबंधू असतात, तेही प्रेमानं हसून.

दोन संस्कृती एकाच मनात नांदतात तेव्हा त्यांची अदलाबदल कशी होते यावर हाँगकाँगमध्ये यिंग-यी हाँग आणि सहकाऱ्यांनी केलेलं काम २००० साली प्रसिद्ध झालं. विद्यार्थ्यांना आधी चिनी किंवा अमेरिकी खुणांची चित्रं दाखवायची, मग माशांच्या थव्यापुढं पोहणाऱ्या एका माशाचं चित्र दाखवून विचारायचं, हा पुढं का आहे? आधी पाहिलेल्या खुणांप्रमाणे उत्तर बदलायचं. त्याच्या पुढचं काम व्हेरोनिका बेनेट-मार्तीनेझ यांचं, आणि ते सीमाभागानं ध्यानात घ्यावं असं आहे. ज्यांना आपल्यातल्या दोन संस्कृती एकमेकींशी जुळणाऱ्या वाटतात, ते खुणेप्रमाणे सहज वळतात. ज्यांना त्या एकमेकींच्या वैरी वाटतात, ते खूण दिसताच उलट दिशेला जातात. बेळगावात एखाद्या नव्या पाटीवरून, एखाद्या सक्तीच्या आदेशावरून, घरी रोज दोन भाषा बोलणारा माणूस एकाएकी एकाच भाषेचा का होतो, हे यातून उमगतं. तोवर तो दोन्हींत सुखानं नांदत होता. कुणीतरी बाहेरून सांगितलं की या दोघी वैरी आहेत, आणि त्याला बाजू घ्यावी लागली.

द. रा. बेंद्रे यांच्या घरात मराठी आणि कवितेत कन्नड. १९७३ चं ज्ञानपीठ कन्नडसाठी. बेळगावजवळच्या सुळेभावीला कन्नड घरात जन्मलेले शिवपुत्र कोमकाळीमठ कुमार गंधर्व म्हणून मराठी कानांत कायमचे राहिले. ही उदाहरणं मनापासून आवडतात, पण ती पुढं करताना थोडं थांबायला हवं. त्यांना दुसरी भाषा मिळाली ती पहिलीवर भर म्हणून. लँबर्ट यांनीच नंतर हा भेद मांडला: काही ठिकाणी दुसरी भाषा पहिलीत मिळवली जाते, काही ठिकाणी ती पहिलीला वजा करून येते, आणि कुठं काय होईल हे पहिल्या भाषेची समाजात काय पत आहे त्यावर ठरतं. कौलांच्या कारखान्यात राबणाऱ्या आईबापांच्या पोराच्या घरात बेंद्र्यांच्या घरातली पुस्तकं नसतात. त्याला शाळेनं, ग्रंथालयानं, गावानं पत मिळवून द्यावी लागते, नाहीतर वजाबाकीच होते. आणि आता त्या वजाबाकीत कन्नडही सापडलेली आहे. मराठी बाप आणि कन्नड आई एकमेकांच्या भाषेवरून तणतणत मुलाला इंग्रजी माध्यमात घालतात, आणि चार वर्षांनी दोघांनाही आपापल्या भाषेत मुलाकडून पत्राच्या चार ओळी लिहून मिळत नाहीत. याचं दुःख दोन्ही घरांत सारखं आहे, आणि ते एकत्र बसून बोलण्याची वेळ निघून चाललीय.

झेरॉक्सच्या दुकानात त्या दिवशी पेन उचलल्यावर माणसानं अर्जाची घडी घातली, शर्टाच्या खिशात ठेवली आणि झेरॉक्सवाल्या पोराला सांगितलं, “आधी ह्याच्या कॉप्या होऊ देत.” आधार, जन्मदाखला, रेशनकार्ड, प्रत्येकाची एकेक. मशीनमधून कागद गरम गरम बाहेर आले. झेरॉक्सवाल्यानं ते मुलाच्या हातात दिले. मुलानं ते गालाला लावून पाहिले. फोन अजून चालूच होता, बापानं तो त्याच्या कानाला धरला.

“किती झाले रे बाळा?” आजीनं बाकड्यावरून विचारलं.

“तीन,” तो तिच्याकडे वळून म्हणाला, आणि लगेच फोनमध्ये, “मूरु, अव्वा.”